मेसेज टाकलात, बोलावलंत कुठे?

पर्वरीहून एका वाचक बाईंनी लिहिलंय. वय 51, सरकारी नोकरी, 1997 साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. गोव्यात राहणाऱ्या या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा एक गट आहे, व्हॉट्सॲपवर 134 जणांचा. दर वर्षी एक स्नेहभोजन होतं. पहिल्या खेपेला 62 जण आले, गेल्या वर्षी 29. यंदा बाईंना निमंत्रक केलंय आणि त्यांची झोप उडालीय. कुणी कळंगुट पट्ट्यातलं मोठं हॉटेल सुचवतंय, ताटाला 2,200 रुपये. कुणी म्हणतंय देवळाच्या सभागृहात साधं शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण करा. काहींना 'बसायची' सोय हवी. गटातले एक बांधकाम व्यावसायिक, स्वतः विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका'तून शिकलेले, सगळा खर्च उचलायला तयार आहेत. मग त्यांना प्रमुख पाहुणे करून सत्कार करावा लागेल, असं समितीचं म्हणणं. बाईंना ते पटत नाही, पण मोहही होतो, आणि त्याचं कारण त्यांची हॉस्टेलमधली रूममेट. ती सत्तरी तालुक्यात दिलेली. नवऱ्याचे खाणीवर ट्रक होते. 2012 साली खाणी बंद पडल्या, ट्रक विकावे लागले, आता ती वाळपईत छोटी खानावळ चालवते. गटात आहे, मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर मात्र कधीच नाही. बाई विचारतात, "जेवण फुकट झालं तर ती येईल. निदान तिच्यासाठी हा प्रायोजक घ्यावा का? की जेवणाची ऑर्डर तिलाच द्यावी?"

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात हॉटेलांच्या दरांना दीड पान, समितीतल्या भांडणांना दोन, आणि रूममेटला अगदी शेवटी नऊ ओळी. मी त्या नऊ ओळींपासून सुरुवात करते, कारण बाकीची साडेतीन पानं तुम्ही त्या लिहिण्याआधी धीर गोळा करायला लिहिली असावीत असा माझा संशय आहे.

जेवण फुकट झालं तर ती येईल, हे तुम्हांला कुणी सांगितलं? तिनं नाही. ती तर बोलतच नाहीये. हे तुम्ही तिच्या परिस्थितीवरून ताडलंत. खाणी बंद झाल्या, ट्रक गेले, खानावळ आली, म्हणजे पैशाची अडचण, म्हणजे वर्गणी झेपत नसणार. असेलही तसं. पण रोज पन्नास माणसांना जेवू घालणारी बाई एका फुकट ताटासाठी वाळपईहून कळंगुटला येईल, हे मला जरा विचित्र वाटतं. रविवारी खानावळ कुणावर सोडायची, हा तिचा प्रश्न असू शकतो. रात्रीचं जेवण असेल तर वाळपईला परतायचं कशानं, हा असू शकतो. आणि दोन तास ज्या गप्पा चालतात त्यात, पोरगा कॅनडाला, मुलगी पुण्यात आयटीत, आम्ही दोनापावलाला फ्लॅट घेतला, तिथं आपण काय बोलायचं, हाही असू शकतो. तिसऱ्या अडचणीवर कुठला प्रायोजक उपाय करणार?

मला हे जरा ठामपणानं सांगता येतं, कारण मी स्वतः यात तोंडघशी पडलेय. आमच्या कॉलेजच्या बॅचचं संमेलन बारा-तेरा वर्षांपूर्वी मी भरवलं होतं. हॉटेल ठरवलं, ग्रुपवर फर्मास मेसेज टाकला, नव्वद जणांनी अंगठे दाखवले. मी खूश. 75 ताटांची हमी देऊन मोकळी झाले. आले 41. रात्री साडेअकराला हॉटेलच्या मागच्या दाराशी मी आणि माझा नवरा ॲल्युमिनियमच्या डब्यांत तळलेली इसवण, म्हणजे सुरमई, भरत होतो, आणि ते डबे स्कूटरच्या पायांशी काही केल्या मावत नव्हते. पुढचे दोन दिवस आमच्या अख्ख्या वाड्यानं इसवण खाल्ली. त्यानंतर पंधरा दिवसांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझी एक वर्गमैत्रीण भेटली. तिथं ती मिरच्या आणि सोलं घेऊन बसते. मी म्हटलं, "अगं आली नाहीस?" तिनं मिरच्यांचा वाटा सारखा केला, वर न बघता म्हणाली, "तू मेसेज टाकलास गो. बोलावलंस कुठे?"

मला पहिल्यांदा राग आला. मग घरी येताना बसमध्ये विचार केला. आपल्याकडे लग्नाची पत्रिका नुसती पोस्टानं आली तर मावशीचा दीर रुसून बसतो. देवापुढे नारळ आणि पत्रिका ठेवली की आपण घरोघर निघतो. ज्याच्याकडे पाच मिनिटंही थांबायला वेळ नसतो त्याच्याही उंबऱ्यावर उभं राहून "सगळ्यांनी यायचं हं" म्हणतो. चतुर्थीला घरचा गणपती बघायला या म्हणून फोन करतो, पण शेजारच्या घरी फोन चालत नाही, तिथं जावंच लागतं. हे सगळं आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं. आणि ज्यांच्याबरोबर दोन वर्षं एका खोलीत काढली, एका बादलीतलं पाणी वाटून घेतलं, त्यांना आपण 134 जणांच्या गठ्ठ्यात एक मेसेज टाकतो आणि म्हणतो, कळवलंय सगळ्यांना.

समितीनं तुम्हांला दिलेलं पद आहे निमंत्रकाचं. शब्द नीट बघा. व्यवस्थापक नव्हे, खजिनदार नव्हे. निमंत्रण देणारी. तुम्ही गेले दोन महिने हॉटेलांची कोटेशनं गोळा करताय, पण निमंत्रण म्हणावं असं अजून एकाला तरी दिलंयत का?

तेव्हा पहिलं काम हे. तुमच्यासारखे दहा जण जमवा आणि 134 नावं वाटून घ्या. प्रत्येकाला तेरा-चौदा फोन येतील. वाटणी तालुक्यावरून करू नका, बॅच आणि हॉस्टेलवरून करा, म्हणजे फोन उचलल्यावर "कोण?" असं विचारावं लागणार नाही. फोनवर "येणार का?" हा प्रश्न शेवटी. आधी विचारा, कुठला रविवार जमेल, कशानं येणार, काय खात नाही. या तीन उत्तरांत तुमचा निम्मा कार्यक्रम आपोआप ठरतो. अंगठ्याच्या चित्राला होकार धरू नका. आमच्या 90 चे 41 कसे झाले ते आताच सांगितलं.

आणि कृपा करून ती यादी बंद करा. तुम्ही पत्राबरोबर ग्रुपवरच्या यादीचं चित्र पाठवलंय. नावापुढं हिरवी खूण म्हणजे पैसे जमा. खूण नसलेली नावं तशीच उघडी, आणि दर दोन दिवसांनी कुणीतरी ती यादी पुन्हा वर आणतो: "राहिलेल्यांनी कृपया लवकर." ज्यांचे पैसे जमा आहेत त्यांना यात काही वावगं दिसत नाही. ज्याचं नाव बिनखुणेचं आहे त्याला मात्र शाळेत फी न भरल्याबद्दल बाकावर उभं केल्यासारखं वाटतं. वर्गणी खजिनदाराच्या खात्यात जाऊ दे, हिशेब खजिनदारालाच माहीत असू दे. ग्रुपवर फक्त आकडा: इतके जण ठरले.

आता ते बांधकाम व्यावसायिक. त्यांच्यावर तुमचा थोडा राग दिसतो. पण एक बारीक गोष्ट पत्रातच आहे. सत्काराची अट त्यांनी घातलेली नाही. 'करावा लागेल' असं समिती म्हणते. ते एवढंच म्हणाले की खर्च मी करतो. जो माणूस 'कमवा आणि शिका'तून शिकला, त्यानं सकाळी काम करून दुपारी तासाला बसण्याचे दिवस काढलेत. तीस वर्षांनी जुन्या मंडळींना एकदा पोटभर जेवू घालावं असं त्याला वाटलं तर त्यात मोठेपणा मिरवायचा हेतू असलाच पाहिजे असं नाही. आधी त्यांनाच विचारा. कदाचित शाल-श्रीफळाच्या कल्पनेनं तेच तुमच्याहून जास्त घाबरतील.

तरीही सगळा खर्च त्यांच्याकडून घेऊ नका असंच मी सांगेन, आणि त्याचं कारण त्यांचा हेतू नव्हे. पंगतीत यजमान एक असतो आणि बाकी पाहुणे. पैसे ज्याचे तो यजमान, मग व्यासपीठ असो वा नसो. 70 जण एका माणसाचं जेवून आले की तो त्याचा कार्यक्रम होतो. पुढच्या वर्षी त्यानं दिले नाहीत तर कार्यक्रम होत नाही, आणि दिले तर कुणी 'यंदा ठिकाण बदलूया' असं तोंड उघडून म्हणत नाही. शंभर रुपये का होईना ज्यानं घातलेत तो मीठ कमी पडलं तर हक्कानं ओरडतो. तो हक्क जाऊ देऊ नका. 29 वर आलेली संख्या त्यानंच वाढेल.

त्यांना काय सांगायचं? दिसणार नाही असा खर्च द्या म्हणावं. दोन मिनीबस. एक पेडण्याहून म्हापसामार्गे, दुसरी काणकोणाहून मडगावमार्गे. आणि वाळपईहून साखळी-डिचोलीमार्गे एक गाडी. पेडण्यापासून काणकोणापर्यंत गोवा टोकाला टोक शंभरेक किलोमीटर आहे. नकाशावर हा हातभर दिसतो, पण बसनं निघालेल्या साठीच्या माणसाला तो दिसतो तसा नसतो. गाडी दारात येते म्हटल्यावर निघणारी माणसं वेगळीच असतात. बसवर नाव लावायचं नाही, पत्रिकेवर आभार मानायचे नाहीत. असं द्यायला ते तयार झाले तर तुमचा गट नशीबवान.

आता आकड्यांकडे या. हॉटेलवाला 2,200 म्हणतो तेव्हा कर आत की बाहेर, हे विचारलंत? ज्या हॉटेलात खोलीचं भाडं 7,500 रुपयांच्या वर आहे तिथं जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ताट 2,596 ला पडलं. मग 'मिनिमम गॅरंटी'. 80 ताटांची हमी दिलीत की 2,07,680 रुपये तुमच्या गळ्यात, कुणी येवो न येवो. आले 45, तर येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला 4,600 च्या वर. हे गणित मी इसवणीच्या डब्यांबरोबर शिकले. हमी कधीही फोनवरच्या पक्क्या होकारांच्या तीन चतुर्थांशाहून जास्त देऊ नये. वाढले तर आचारी भात वाढवतो, कमी पडले तर पैसे कुणी परत देत नाही. बिलात सर्व्हिस चार्ज लावला तर तो ऐच्छिक असतो हेही लक्षात असू द्या.

त्याऐवजी साधा हॉल आणि बाहेरचा केटरर धरा. तिथं जीएसटी 5 टक्के. समजा ताट 550, करासह साडेपाचशेचे 577 रुपये 50 पैसे, 70 जणांचे 40,425. हॉलचं भाडं 12,000 धरलं तर एकूण 52,425, माणशी साडेसातशेच्या आत. दर तुमच्या भागात थोडे इकडेतिकडे होतील, पण अंतर केवढं आहे ते बघा. मी तर वर्गणी पाचशेच ठेवीन आणि खाली एक ओळ टाकीन: ज्यांना जास्त द्यायचे त्यांनी खजिनदाराला गुपचूप द्यावेत. सतरा-अठरा हजारांची तूट आहे, 134 जणांत ती भरून निघते. कोणी दिले, कोणी नाही, हे खजिनदारानं आपल्या बायकोलाही सांगायचं नाही.

दिवस रविवारचा, वेळ दुपारची. याबाबत मी हट्टी आहे. रात्रीच्या जेवणाला येणारी एकटी बाई घड्याळाकडे बघत जेवते. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत शिवराक असतं, त्यामुळे रविवार तसाही सोयीचा, फक्त त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी नाही ना एवढं पंचांगात बघून घ्या. महिना? डिसेंबरात गोव्यात कुणी जेवण ठरवू नये. नाताळ ते नवं वर्ष हॉटेलवाले तुमच्याशी बोलतसुद्धा नाहीत. पौष धरा. पौषात आपल्यात लग्नं नसतात, हॉल रिकामे, आचारी मोकळे, दोघंही दर कमी करायच्या मन:स्थितीत असतात. हवाही बरी. म्हापशाची बोडगेश्वराची जत्रा त्याच सुमारास येते, तेवढी तारीख टाळा, नाहीतर बार्देशकर येणार नाहीत. संक्रांतीनंतरचा रविवार मिळाला तर दारात तिळगूळ द्या. स्वागताला याहून स्वस्त आणि गोड काही सुचत नाही.

ठिकाण फोंडा. उत्तरेकडच्यांना आणि दक्षिणेकडच्यांना सारखंच गैरसोयीचं, म्हणजे कुणी तक्रार करणार नाही. मात्र पत्रिकेवर 'फोंडा, गोवा' असं ठळक लिहा. राधानगरीकडून येणारा कोल्हापूरकर फोंडा म्हटलं की फोंडाघाट समजतो, आणि तुमचे एखादे निवृत्त सर दाजीपूरच्या जंगलातून फोन करायचे.

देवळाच्या सभागृहाचं मात्र जपून. फोंडा तालुक्यात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी अशी देवस्थानं आहेत, तिथली सभागृहं, अग्रशाळा म्हणजे देवळाच्या धर्मशाळा, स्वच्छ आणि स्वस्त. पण तिथं मांस-मासळी येणार नाही, आणि कोल्हापूरला शिकलेल्यांना खतखत्याची भाजी आणि मणगण्याची खीर वाढून तुम्ही परत पाठवलंत तर पुढच्या वर्षी 29 सुद्धा येणार नाहीत. खतखत्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ही माणसं ज्या चवीसाठी येणार ती तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची. घरी बायको-नवरा गोव्याचे, नारळाच्या वाटणाची सवय लागलेली, वर्षानुवर्षं तो रस्सा ओठाला लागलेला नसतो. सत्तर वर्षांच्या माणसालाही राजारामपुरीतली मेस आठवेल, असा रस्सा करणारा आचारी हुडका. लागलं तर निपाणी, गडहिंग्लजकडून आणा, त्याचा एसटीचा खर्च द्या. मटण माणशी पाव किलो धरा, रश्श्याचं भांडं तळ दिसेपर्यंत चुलीवर ठेवायला सांगा. मासळीच्या भानगडीत 70 माणसांसाठी पडू नका. मासळीचा दर रोज बदलतो, केटरर तो धोका तुमच्याकडून आधीच वसूल करतो, आणि तळलेला तुकडा गार झाला की त्याला अर्थ उरत नाही. शाकाहारींसाठी वेगळी चूल, वेगळे डाव, पण पंगत एकच. 'व्हेजवाल्यांनी तिकडे' अशी पाटी लावू नका.

दारूबद्दल थोडक्यात. दुपारच्या जेवणात ती नसली तर कुणी मरत नाही. ज्यांना बसायचं ते संध्याकाळी त्यांच्या त्यांच्या खर्चानं बसतील, गोव्यात त्याला जागेची कमी नाही. तुमच्या हॉलमध्ये ठेवायची तर अबकारी खात्याची एका दिवसाची परवानगी लागते, आणि परतीचा रस्ता प्रत्येकाचा वेगळा आहे. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, तुरुंग किंवा दोन्ही, शिवाय निमंत्रक म्हणून रात्री बाराला फोन तुम्हांलाच येणार. बाकी या विषयावर कुणाला उपदेश करत बसू नका.

कार्यक्रमात काय असावं याहून काय नसावं हे मला जास्त कळतं. ते 'सर्वांनी आपापली ओळख करून द्यावी' नको. त्यात प्रत्येक जण उठून हुद्दा सांगतो. जनरल मॅनेजर, प्राचार्य, उपसंचालक, आणि मग एखादी बाई उठते आणि म्हणते 'मी घरीच असते', आणि तिच्यानंतरचा माणूस खाली मान घालून आपला हुद्दा पुटपुटतो. तुमची वाळपईची मैत्रीण गेल्या खेपेला आली असती तर तिची पाळी कुठं आली असती याचा विचार करा. त्याऐवजी छातीवर कागदाची चिठ्ठी लावा: नाव, साल, हॉस्टेल किंवा कॉलेज, खोली नंबर. बायकांचं माहेरचं नाव मोठ्या अक्षरात. तुमच्या ग्रुपवर निम्म्या बायका सासरच्या नावानं आहेत, आणि त्यांच्याबरोबर दोन वर्षं प्रॅक्टिकल केलेल्या माणसाला त्या कोण हे ठाऊक नाही. नुसत्या या एका चिठ्ठीनं पहिल्या अर्ध्या तासाचं अवघडलेपण जातं.

कॉलेज लिहायला सांगतेय त्याला कारण आहे. पत्रात तुम्ही दोनदा 'खरे विद्यापीठाचे' असं लिहिलंय, म्हणजे कॅम्पसवर शिकलेले. पण वेर्ण्याला, कुंडईला कारखान्यांत काम करणारे तुमचे कितीतरी सभासद कराडच्या, सांगलीच्या कॉलेजांतून निघालेले असतील. विद्यापीठाची मुख्य इमारत त्यांनी पदवीदानालाच पाहिली असेल. सोलापूरकडचे तर 2004 साली त्यांचं विद्यापीठ वेगळं झाल्यावर अधांतरीच राहिले, पण त्याआधीच्यांच्या प्रमाणपत्रावर शिवाजी विद्यापीठच आहे. 1962 साली हे विद्यापीठ झालं ते मुंबई-पुण्याला जाऊ न शकणाऱ्या पोरांसाठी. तिथं शिकून आल्यावर आपण आतले-बाहेरचे करत बसावं, हे काही बरं दिसत नाही. पंगतीला बसताना कॅम्पस आणि कॉलेज मिसळून बसवा.

भाषणं? गटाच्या संस्थापक सरांना दहा मिनिटं द्या, जेवणाआधी. रस्सा वाढल्यावर माईक बंद. ते नाराज होतील, पण रस्सा गार झाला की सत्तर जण नाराज होतात.

आणि आता ऑर्डर रूममेटला देण्याचं. तुमची भावना मला कळते, आणि तिचं जेवण उत्तम असेल यात शंका नाही. पण डोळ्यांपुढे आणा. बारा वाजता तुम्ही सगळे तिळगूळ घेत दारात उभे आहात. ती पदर खोचून मागं चुलीपाशी. तुम्ही जाऊन म्हणता, "ये ना गं बाहेर." ती म्हणते, "पोळ्या व्हायच्यात." तीन वाजता सगळ्यांचं आटोपल्यावर ती हात पुसत येते, सगळे टाळ्या वाजवतात, कुणीतरी "वा, काय जेवण!" म्हणतो, आणि समितीचे कुणी सगळ्यांसमोर तिच्या हातात पाकीट देतात. ती आली, तुमच्या यादीत एक नाव वाढलं. पण तिच्याशेजारी बसून जेवलं कोण? तिला धंदा द्यायचा तर वर्षाचे बाकी 364 दिवस आहेत. तुमच्या खात्याच्या कार्यक्रमाला द्या, घरच्या बारशाला द्या. त्या एका दुपारी तिला जेवायला बसू द्या. हां, तिनं स्वतः म्हटलं, "मीच करते जेवण", तर गोष्ट वेगळी. मग दर तिचा, शर्ती तिच्या, आणि घासाघीस नको.

पण ते तिनं म्हणायला आधी तुम्ही तिच्यासमोर असायला हवं. फोनसुद्धा नको. पर्वरीहून वाळपई काही लांब नाही, डिचोली-साखळीवरून सव्वा तासाचा रस्ता. एखाद्या शनिवारी जा. बरोबर समितीतलं कुणी नको, संमेलनाची पत्रिका नको, आणि 'तुझी वर्गणी मी भरते' हे वाक्य तर पर्वरीतच ठेवून जा. तिच्याकडे शनिवारी शिवराक असेल, जे असेल ते जेवा, बिल द्या, ती नको म्हणाली तरी एकदा टेबलावर ठेवा. संमेलनाचा विषय निघाला तर निघाला. नाही निघाला तर निघताना म्हणा की अमुक रविवारी सकाळी दहाला तुझ्या दारात गाडी येईल, मी त्यात असेन. पर्वरीहून आधी वाळपई गाठून मग फोंड्याला जाणं उलटं पडतं, ते तिला कळेल. तरी ती नाही म्हणाली तर मान्य करा, कारण विचारत बसू नका, आणि पुढच्या महिन्यात संमेलन-बिंमेलन काही नसताना पुन्हा जेवायला जा.

दुपारी अडीचच्या सुमाराला जा. बसस्टँडची गर्दी तेव्हा ओसरलेली असते, आणि खानावळवाल्या बायका त्याच वेळी स्वतः जेवायला बसतात.